बोलायला लागला की सांगेल

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठेही जा, उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या घरात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बोलायला लागला की सांगेल आपणहून.’ विषय शी-शूचा असतो. मूल तीन वर्षांचं झालेलं असतं, कधी चारही उलटलेली असतात, डायपर सुटलेला नसतो, आणि घरच्यांनी मनाशी एक क्रम पक्का केलेला असतो की आधी वाचा फुटू दे, शी-शूचं वळण मग बघू. या वाक्यात माया आहे, मुलाच्या मागे न लागण्याचा समंजसपणाही आहे, म्हणून ते खोडून काढणं जड जातं. पण अशा मुलांबरोबर काम करताना माझं मत वर्षागणिक ठाम होत गेलं आहे की हा क्रमच उलटा आहे. शी-शू कळवायला शब्द लागत नाहीत, खूण पुरते. आणि आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवता येतं, पोचवलं की समोरचा माणूस हलतो, हे न बोलणाऱ्या मुलाला शिकवायला दिवसातून अनेकदा दारात उभ्या राहणाऱ्या या गरजेइतकी चांगली संधी दुसरी नाही. बोलण्याची वाट बघणारं घर एक काम पुढे ढकलतं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन ढकललेली असतात.

पुरावा बाहेरून आणण्याआधी घरातलाच बघावा. अजूनही कोकणातल्या कितीतरी घरांत चार-पाच महिन्यांच्या बाळाला मागील दारी नाहीतर न्हाणीत पायांवर बसवतात. आजी पाय पसरून बसते, दोन्ही पावलं थोडी फाकवून मधे जागा करते, बाळाच्या मांड्या पावलांवर टेकवते, पाठीला हाताचा आधार देते आणि ‘शूऽऽ’ असा लांबट आवाज काढते. बाळाला एकही शब्द येत नसतो. त्याच्या ओळखीचा असतो तो आवाज, ती बसण्याची ढब आणि दूध पिऊन झाल्यानंतरची ती ठरलेली वेळ. उलट दिशेने आजी बाळाचं अंग वाचत असते: चुळबुळ, कुंथणं, एकदम स्तब्ध होणं. 1977 साली डीव्रीज पतिपत्नींनी पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजाबद्दल ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात लिहिलं, त्यातलं वर्णन आपल्या आज्यांना परकं वाटणार नाही. तिथल्या आया पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला विशिष्ट पद्धतीने धरून आवाजाच्या खुणेवर शू करवतात, आणि पाच-सहा महिन्यांपर्यंत बाळं बहुतांशी कोरडी राहू लागतात. यावर आक्षेप ठरलेला आहे की हे वळण आईला लागलेलं असतं, बाळाला नाही. अर्धा आक्षेप बरोबर आहे. त्या वयात मूत्राशयावर पूर्ण ताबा नसतो, वेळ साधणारी आईच असते. पण बाकीचं अर्धं कुणी लक्षात घेत नाही: आवाज आणि कृती यांचा संबंध बाळाने जोडलेला असतो, तोही भाषेशिवाय. ज्या आजीने स्वतःची चार मुलं अशी वाढवली, तीच तीन वर्षांच्या नातवाबद्दल ‘त्याला सांगता येत नाही ना’ म्हणते, तेव्हा मधे डायपर येऊन गेलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा पुरावा अगदी वेगळ्या ठिकाणचा आहे. 1971 साली अमेरिकेत नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी संस्थेत राहणाऱ्या, अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या नऊ प्रौढांबरोबर काम केलं. या माणसांना हे कधी शिकता येईल अशी आशाच संस्थांनी सोडलेली होती. भरपूर पेयं देऊन शू होण्याच्या वेळा वाढवायच्या, ओलं होताच कळेल असं उपकरण वापरायचं, योग्य जागी झालं की लगेच आवडीची वस्तू आणि कौतुक, अशी ती पद्धत. शिकायला प्रत्येकाला लागलेल्या वेळाचा मध्यक होता चार दिवस, आणि कपडे ओले होण्याचं प्रमाण लगेचच सुमारे 90 टक्क्यांनी उतरलं. त्या पद्धतीची नक्कल घरी करू नये, हे मी मुद्दाम लिहिते. तिच्यात चूक झाल्यावर सक्तीने साफसफाई करवून घेण्यासारखे शिक्षेचे प्रकार होते, ते आज कुणी शहाणा माणूस सुचवणार नाही; आणि लहान मुलाला बळेबळे खूप पाणी पाजणं धोक्याचं असतं. पण एक गोष्ट त्या प्रयोगाने कायमची दाखवून दिली. बोलण्यावर फारसं विसंबता येत नव्हतं अशी माणसं हे शिकली, कारण त्यांना मिळणारी माहिती स्पष्ट होती: कधी, कुठे, आणि केल्यावर काय होतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. मुलाची तयारी नसताना हे सुरू केलं तर मूल अडून बसतं, मलावरोध होतो, घरात रोज युद्ध होतं. हे खरं आहे. ज्यांच्या लेखनामुळे ‘तयारी’ ही कल्पना जगभर गेली, ते बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी 1962 साली 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या. घाई न करता, मुलाच्या कलाने घेतल्यावर ती मुलं सरासरी अठ्ठावीस महिन्यांच्या आसपास दिवसा कोरडी राहू लागली होती. (पुढे डायपरच्या जाहिरातीत झळकल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, पण म्हणून त्या नोंदी खोट्या ठरत नाहीत.) प्रश्न असा की तयारीच्या लक्षणांत नेमकं काय येतं. मूल चालून जाऊन बसू शकतं का, दोन-दोन तास कोरडं राहतं का, साधी सूचना कळते का, ओलं झाल्याचं त्याला जाणवतं का. यातल्या एकाही गोष्टीला मुलाने बोलून दाखवण्याची गरज नाही. समजणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘चप्पल आण’ म्हटल्यावर चप्पल आणणारं, ‘बाबा आले’ म्हटल्यावर ओटीकडे धावणारं मूल न बोलताही पुष्कळ समजून असतं. आणि शीच्या वेळी दाराआड जाणारं, पलंगाची कड धरून गप्प उभं राहणारं, डोळ्यात पाणी येईस्तोवर जोर करणारं मूल तर आपल्याला सांगतच असतं. दाराआड गेलेला मुलगा ‘लपतो’ म्हणून घरात कौतुक होतं. त्याला एकांत हवासा वाटू लागला, म्हणजे पुढे काय होणार हे त्याला आधी कळू लागलं, इकडे लक्ष जात नाही. तयारीची यादी हातात घेतली तर उशिरा बोलणाऱ्या बऱ्याच मुलांची तयारी अडीच-तीनच्या सुमारास झालेली दिसते. जिथे समजच खूप मागे आहे तिथे वय न बघता समजेची पातळी बघावी लागते, आणि तिथे वेग कमी असतो. पण तिथेही बोलण्याची वाट बघणं हे उत्तर नव्हे, कारण काही मुलं कधीच शब्दांत बोलणार नाहीत, आणि त्यांनी आयुष्यभर डायपरमध्ये राहावं असं कुठल्याच आईला वाटत नाही.

मग शब्दाच्या जागी काय द्यायचं? आपल्याकडे उत्तर शाळेच्या बाकावरच आहे. करंगळी वर केली की बाईंना कळतं. मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या वर्गात न बोलता शूला जाऊन आल्या, तेव्हा कुणी म्हटलं नाही की यामुळे त्यांची भाषा खुंटेल. अडचण एवढीच की बाकीची बोटं मिटून एकटी करंगळी उभी करणं हे तीन वर्षांच्या हाताला कठीण असतं, आणि ज्या मुलाची बोलण्याची हालचाल अडखळते त्याची बोटंही पुष्कळदा अडखळतात. म्हणून सुरुवात सोपी हवी: पोटावर तळहात आपटणं, किंवा एखादी वस्तू हातात देणं. ही वस्तू म्हणून मला टमरेल फार उपयोगी वाटतं. न्हाणीच्या दाराशी, मुलाच्या हाताला येईल असं एक छोटं प्लास्टिकचं टमरेल ठेवायचं, दुसऱ्या कशालाही ते वापरायचं नाही. प्रत्येक वेळी नेताना ते मुलाच्या हातात द्यायचं, ‘शू’ हा एकच शब्द म्हणायचा, आणि निघायचं. काही आठवड्यांनी बरीच मुलं टमरेल उचलून आईच्या मांडीवर आणून ठेवतात. ते वाक्यच असतं. अँडी बॉंडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली चित्रांची देवाणघेवाण करून बोलण्याची जी पद्धत रचली, तिचं मर्म हेच आहे की वस्तू किंवा चित्र दुसऱ्याच्या हातात पडलं पाहिजे, नुसतं बोट दाखवून भागत नाही, कारण देण्यासाठी मुलाला माणूस शोधावा लागतो.

खुणा शिकवल्या तर तो आळशी होईल, मग बोलणारच नाही, ही भीती शिकलेल्या घरांत जास्त असते. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा चिन्हं, चित्रं, उपकरणं दिल्यामुळे बोलणं कमी झाल्याचं भरवशाच्या एकाही नोंदीत आढळलं नाही. बहुतेकांत ते थोडंफार वाढलंच होतं. वाढ मोठी नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर लोक टमरेलाकडून चमत्काराची अपेक्षा धरतील. मला घरांत दिसणारा अडथळा खुणांचा नसतो, शब्दांच्या गर्दीचा असतो. आई ‘शू’ म्हणते, आजी ‘मुतायला चल’ म्हणते, मुंबईहून आलेले बाबा ‘सुसू’, आणि इंग्रजी शाळेच्या आशेने आत्या ‘टॉयलेट’. ज्याच्याकडे एकही शब्द नाही त्याच्यापुढे एकाच गोष्टीचे चार शब्द पडतात. घराने बसून एक शब्द आणि एक खूण ठरवावी. गणपतीत पाहुण्यांनी घर भरलं तरी ती बदलू नये.

वेळ कशी ओळखायची याला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकटीत सात-आठ दिवस शूच्या वेळा टिंबाने आणि शीच्या फुलीने मांडाव्यात. मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा की वयात दोन मिळवून तिसाने गुणायचं, म्हणजे तीन वर्षांच्या मुलात सुमारे 150 मिलिलिटर. त्यामुळे दर वीस मिनिटांनी नेऊन बसवणं फुकट जातं आणि मूल कंटाळतं. बहुतेक मुलांची टिंबं दीड-दोन तासांच्या अंतराने पडतात. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं, म्हणून शीची फुली पुष्कळदा जेवणानंतरच्या अर्ध्या तासात सापडते. इथे तो जुना आक्षेप पुन्हा उभा राहतो: घड्याळ बघून नेलं तर मूल घड्याळावर अवलंबून राहील, स्वतः कधी सांगणार नाही. आक्षेप रास्त आहे आणि तो खरा ठरलेली मुलंही असतात. शाळेत बाईंनी न्यायचं विसरलं की त्यांची चड्डी ओली. पण दोष वेळापत्रकाचा नसतो, ते कधी सोडायचं हे न ठरवण्याचा असतो. आठवडाभर बहुतेक वेळा योग्य जागी झालं की नेण्याऐवजी टमरेलाकडे नुसतं बघावं, मग तेही न करता थांबावं. मूल चुळबुळतं, पाय आवळतं, आणि त्या चार-पाच सेकंदांच्या शांततेत त्याला काहीतरी करावंसं वाटतं. मोठ्यांना ही शांतता सोसत नाही, आपण लगेच ‘शू आली का?’ विचारतो. बोलणं शिकवण्याच्या सगळ्या कामात हे थांबणंच मला सर्वांत अवघड वाटतं.

शरीराकडे दुर्लक्ष करून यातलं काही चालत नाही. दिवसभर दूध-बिस्किटांवर राहणाऱ्या, भाजीला हात न लावणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मुलाला घट्ट शी होते, दुखते, आणि दुखलं की ते रोखून धरतं. रोखलं की आणखी घट्ट. आतडं ताणलं गेलं की जाणीव मंदावते आणि मधूनमधून पातळ शी चड्डीत गळते. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत, नाहीतर मुद्दाम करतो. बोलणारं मूल ‘दुखतंय’ म्हणेल. न बोलणारं किंचाळेल, न्हाणीच्या दारात आडवं पडेल, आणि त्याला ‘हट्टी’ हे विशेषण लागेल. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांकडून पोट साफ होण्याची व्यवस्था, मग वळण. दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. गावोगाव झालेल्या शौचालयांतलं भांडं मोठ्यांच्या मापाचं असतं. पावलं ठेवायच्या जागा इतक्या लांब की तीन वर्षांच्या मुलाला खाली पडण्याची खरीखुरी भीती वाटते. पाय भक्कम टेकलेले नसले तर जोर करता येत नाही. छोटी पॉटी घ्यावी, पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. स्वमग्न मुलांत आणखी गुंते असतात: फ्लशचा आवाज, फरशीचा गारवा, ट्यूबलाइटची गुणगुण. काही मुलं शी फक्त डायपरमध्येच करतात, मागून घेतात, करतात, काढायला लावतात. अशा मुलाचा डायपर एका दिवसात फेकून दिला तर ते चार-चार दिवस रोखून धरतं. तिथे डायपर घालूनच आधी न्हाणीत उभं करायचं, मग डायपरसकट पॉटीवर बसवायचं, मग डायपरला भोक पाडून. ऐकायला विचित्र, पण मुलाला आपलं जग एका वेळी एवढंच बदललेलं चालतं. रात्रीचा विषय यात आणूच नये. रात्री कोरडं राहणं बरंचसं शरीराच्या वाढीवर असतं, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत.

कागदावर हे सगळं ठीक, पण करणार कोण, हा प्रश्न विचारणाऱ्या आईला उत्तर देणं भाग आहे. नवरा मुंबईत, सासू गुडघ्यांनी बसलेली, आषाढात लावणी, चैत्र-वैशाखात आंबा-काजू. वरून चार महिने असा पाऊस की पडवीत टांगलेली चड्डी तीन दिवस ओलसर राहते. पावसाळ्यात डायपर वापरणाऱ्या आईला मी कधी दोष देणार नाही. म्हणूनच मुहूर्त पाहावा: भात घरात आलं, तुळशीचं लग्न झालं, की आंब्याच्या गडबडीपर्यंत चारेक महिने कोरडे आणि त्यातल्या त्यात मोकळे मिळतात. कपडे दोन तासांत वाळतात, अंगण कोरडं असतं, मूल नुसत्या चड्डीवर हिंडू शकतं आणि ओलं झाल्याचं त्याला लगेच कळतं. डायपरमध्ये नेमकं तेच कळत नाही, कारण ओल शोषून घेणं हेच त्याचं काम. सगळा दिवस जमत नसेल तर सकाळचे तीन तास तरी. अर्धवट करण्यापेक्षा नकोच, असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. रोज ठरलेले तीन तास हे अर्धवट नव्हे. आज केलं, उद्या नाही, परवा मारलं, हे अर्धवट.

आणि मुलाच्या सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट. न बोलणारं मूल धुण्या-पुसण्यासाठी जितकी वर्षं दुसऱ्यांच्या हाती राहतं, तितकी वर्षं त्याचं शरीर कुणाच्याही हाती असतं, आणि काही वावगं घडलं तर ते सांगू शकत नाही. स्वतःची चड्डी स्वतः खाली-वर करणं, दार लोटून घेणं आणि हात झटकून ‘नको’ सांगणं हे याच शिकण्याचे भाग आहेत. त्यांना मी करंगळीइतकंच महत्त्व देते.

‘आधी बोलणं, मग वळण’ या क्रमाची घराबाहेरची किंमत मुलाला अंगणवाडीत मोजावी लागते. शी-शू सांगत नाही म्हणून त्याला पाठवत नाहीत, किंवा सेविकाच ‘सांगायला लागला की आणा’ म्हणते. एक सेविका, एक मदतनीस, पोषण आहार, नोंदवह्या. तिची बाजू खोटी नाही. पण परिणाम काय होतो ते पाहा. ज्या मुलाला इतर मुलांच्या गोंगाटाची, गाण्यांची, रांगेची सर्वांत जास्त गरज आहे, तेच घरी मोबाइलसमोर बसतं. बोलत नाही म्हणून शी-शूचं वळण नाही, वळण नाही म्हणून अंगणवाडी नाही, अंगणवाडी नाही म्हणून बोलणं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा मुलांना अंघोळ घालणं, नखं काढणं हे शिक्षणाच्या आधीचं काम मानलं नाही, शिक्षणाचंच मानलं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल काढला, त्याचाही रोख अशा मुलांना सामावून घेण्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतात. ‘त्याचा बापूस पण उशिराच बोलला’ असं सांगून मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नये. ऐकू येतं की नाही हे तपासून घेणं सगळ्यात आधी, कारण ज्याला आजीचा ‘शूऽऽ’ ऐकूच येत नाही त्याला आवाजाची खूण शिकवण्यात अर्थ नसतो. त्याला हाताची खूण हवी.

अंगणवाडीत पाठवताना आईने मुलाबरोबर एक चिठ्ठी आणि दोन जादा चड्ड्या द्याव्यात. चिठ्ठीत तीन-चार ओळी पुरतात: शूला आम्ही कोणता शब्द म्हणतो, तो कोणती खूण करतो, सकाळी साधारण किती वाजता न्यावं लागतं, आणि खूण केल्यावर फार वेळ थांबवू नये. शेवटची ओळ सेविकेला पुन्हा तोंडीही सांगावी. पहिल्या दिवशी मुलाने पोटावर हात आपटला आणि कुणी पाहिलं नाही, तर दुसऱ्या दिवशीही ते आपटेल. चौथ्या दिवशी आपटणार नाही.